बाजाराच्या दिशी

१

पेटीत डांबरगोळ्या होत्या, दोन जुनी कॅलेंडरं होती, एक फुटका कंदील होता आणि घरमालकाच्या वडिलांचे कडक झालेले बूट होते. निळी फाईल तेवढी नव्हती.

रंगनाथराव शिरोड्यांनी पेटी पुन्हा उपसली. कॅलेंडरं झटकली, बुटांत हात घालून पाहिला. गेल्या सोमवारी त्यांनी स्वतःच्या हाताने फाईल आत ठेवली होती आणि दाराचं कुलूप दोनदा ओढून बघितलं होतं. आज पुन्हा सोमवार, २००३ सालच्या फेब्रुवारीची सतरा तारीख. आई सोमवारला महादेवाचा वार म्हणायची आणि त्या दिवशी कधी काही वाईट होत नाही असं छातीठोकपणे सांगायची. आईचं म्हणणं खोटं पाडायला कुकडमाळनं हाच दिवस निवडला होता.

सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं हे डोंगरमाथ्यावरचं गाव. दहा वर्षांपूर्वी इथे एस.टी.च्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर सोडला तर बाहेरचं कोणी यायचं नाही. आता सूर्यास्ताचा कट्टा झाला होता, पाच हॉटेलं झाली होती आणि शनिवार-रविवारी नाशिक, सुरतेच्या गाड्यांनी रस्ता भरून जायचा. रंगनाथरावांनी एस.टी.त चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा तिकीट तपासणीत. तरुणपणी मुक्कामी गाडी घेऊन आले असताना याच कौलारू घराच्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी प्यायलं होतं आणि समोरची दरी पाहिली होती. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, की निवृत्त झाल्यावर या ओट्यावर बसायचं, नागलीची भाकरी खायची आणि हॉर्न ऐकायचा नाही.

ते इतकं साधं नव्हतं. मोजणीला माणूस मिळेना, नळाला पाणी येईना. आजच कंडक्टर सांगत होता, की टेलिफोनवाल्यांनी गेल्या मंगळवारी गिरणीपासून स्टँडपर्यंत चर खणली आणि शुक्रवारपर्यंत गाडी गिरणीपाशीच फिरवावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी मात्र झटपट बुजवली, कारण शनिवारी पाहुणे यायचे होते. गावकऱ्यांनी चार दिवस फळ्यांवरून उड्या मारल्या त्याचं कोणाला काही नव्हतं.

आणि आता फाईल. साठेखतात लिहिलं होतं, अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत मूळ कागदांसह खरेदीखत झालं नाही तर व्यवहार रद्द. नकला काढायच्या तर कचेरीत दोन-तीन महिने जाणार. कागद आधीच नाशिकला नेऊ या, असं रंगनाथराव महिनाभर घसा कोरडा करून सांगत होते. पण वडिलांचे कागद रजिस्ट्रीच्या दिवशीच घराबाहेर काढायचे, हा मालक ललित अमृतकरचा हट्ट.

त्यांनी दाराचं कुलूप हातात घेऊन पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. ज्यानं कोणी नेली त्यानं किल्लीनं उघडलं होतं, आणि किल्ली गावात एकाच माणसाच्या कमरेला असायची.

२

झिपरू भोये बावीस वर्षं हे घर राखत होता. आवारातच कोपऱ्यात त्याची कुडाची झोपडी होती. मागच्या चार वाफ्यांत तो स्ट्रॉबेरी लावायचा आणि खोक्यांत भरून पर्यटकांना विकायचा. रंगनाथराव तरातरा त्याच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा तो खोक्यांत पेंढा भरत होता.

किल्ली कोणाला दिलीस, असं त्यांनी विचारलं. कोणाला नाय, असं झिपरू म्हणाला. कमरेचा करगोटा ओढून त्यानं किल्ली दाखवली. ती अंघोळीलाही सुटत नाही, असं त्याची बायको चिमणाबाई आतून बोलली.

अकरा वर्षं कंडक्टरांच्या बॅगा तपासलेल्या माणसाला एकच उपाय सुचतो. रंगनाथराव झोपडीत शिरले. त्यांनी नागलीच्या कणगीत हात घातला, घोंगड्या उचलल्या, देवाच्या फळीमागे पाहिलं. चिमणाबाई बाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली. झिपरू दारात उभा होता. हातातला पेंढा त्यानं खाली टाकला नाही.

आत काहीच सापडलं नाही. बाहेर येताना रंगनाथरावांचं डोकं चौकटीला आपटलं आणि त्याचाही राग त्यांनी झिपरूवरच काढला. अठ्ठावीसच्या आत फाईल मिळाली नाही तर शेठ तुला पोलिसांत देतील आणि ही झोपडी उठवतील, असं ते बोलून गेले. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं, पण शब्द गेला तो गेला.

झिपरू म्हणाला, "ह्या घरातली सुई कधी हलली नाय, साहेब."

तेवढ्यात कुंपणापलीकडून कोणीतरी हाक मारली. "त्याला कशाला बोलता, भाऊ? फाईल नेताना मी पायलंय माणसाला."

३

हाक मारणारी शेजारची भागीबाई महाले. सत्तरीची, वाळकी, डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा. तिच्या भिंतीवर पोलिओच्या डोसवाल्यांनी गेरूनं लिहून ठेवलं होतं, 'बुधा लहानू महाले, घर ४१'. त्या लिखाणाखाली तिचा नवरा बांबूच्या कामट्या तासत बसला होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

रंगनाथरावांना घाई होती, पण भागीबाईला नव्हती. तिनं आधी रईवारचं गाऱ्हाणं काढलं. रईवारी म्हणे गाड्यांची नुसती जत्रा असते, पोरं पिशव्या टाकून जातात, कोंबड्या चिरडतात, म्हणून ती दिवसभर दार लावून घरात बसते, पाण्यालाही बाहेर पडत नाही. रंगनाथरावांनी घड्याळ पाहिलं. परतीची गाडी चारला होती. तिला मुद्द्यावर आणता आणता त्यांच्या नाकी नऊ आले.

मुद्दा असा होता. ती नागलीचं दळण घेऊन गिरणीवर गेली. लाईट नव्हती, म्हणून दळण तसंच डोक्यावर घेऊन परत फिरली. गिरणीपाशी एक पांढरी गाडी उभी होती. घरापाशी आली तर कानटोपी घातलेला एक बाप्या या घरातून बाहेर पडला. काखेत निळं बाड होतं. त्यानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि तो गिरणीच्या वाटेनं चालत गेला.

"कुलूप लावलं? किल्लीनं?"

"मंग काय दातानं?"

"ओळखलंत का, मावशी?"

"डोळ्यानं दिसतंय कुठं. उंची पायली, चाल पायली. मला वाटलं मोजणीवालं असल."

"आणि कधी हे?"

"गेल्या बाजाराच्या दिशी," असं म्हणून भागीबाई कोंबड्यांना हाकलायला गेली.

कुकडमाळचा बाजार रविवारी भरायचा. म्हणजे काल. रंगनाथराव पुन्हा झिपरूकडे गेले आणि काल तो कुठे होता ते त्यांनी विचारलं. रईवारी दिवसभर बाजारात खोकी विकत होतो, असं तो म्हणाला. काल घराकडे कोणी आलं होतं का, यावर त्यानं मान हलवली. बायको घरीच व्हती, रईवारी कोणी आलं नाय, असं सांगून तो पुन्हा पेंढ्याला लागला.

कोणी आलं नाही म्हणतो आणि म्हातारी तर आलेला माणूस पाहते. दोघांतलं एक खोटं बोलत होतं.

४

गावात पांढऱ्या गाड्या दोन. एक हॉटेलवाल्या कुंदन थेट्याची, दुसरी दत्तूची जीप.

दत्तूचं आणि रंगनाथरावांचं जुनं वाकडं. स्टँडवरून एस.टी.चे प्रवासी पळवतो म्हणून रंगनाथरावांनी त्याला नोकरीत असताना तीनदा पकडून दिलं होतं. घराच्या व्यवहारात दलाल म्हणून नेमका तोच निघाला. आपल्या नशिबात काय काय वाढून ठेवलंय याची रंगनाथरावांना त्या दिवशी कल्पना आली होती. काल कुठे होतास, असं विचारल्यावर दत्तू हसला. रविवारी त्यानं सुरगाण्याच्या सात खेपा केल्या होत्या आणि प्रत्येक खेपेला जीपमध्ये चौदा माणसं होती. विचारा कोणालाही, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नसावं, कारण एवढी माणसं कोंबल्याची कबुली त्यानं माजी तपासनिसासमोर दिली होती.

कुंदन पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्यानं चहा मागवला आणि गावासाठी आपण काय काय केलं ते सांगायला सुरुवात केली. बाजार पूर्वी बुधवारी भरायचा, पर्यटकांना काही उपयोग नव्हता. यानं तीन वर्षांपूर्वी पंचायतीच्या मागे लागून तो रविवारी आणला. आता शहरातली माणसं हौसेनं नागली घेतात, बांबूच्या टोपल्या घेतात. विजेचंही तसंच. बुधवारी दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर लाईट नसते, जनरेटर लावून लावून जीव जातो. पण रविवारी एक मिनिट जाणार नाही अशी सोय सगळ्या हॉटेलवाल्यांनी मिळून करून घेतली होती.

"तुम्हाला ते घर हवं होतं म्हणे," रंगनाथराव एकदम म्हणाले.

"हो तर. दरी दिसते ना ओट्यावरून," कुंदन जराही गडबडला नाही. "डिसेंबरातच जास्त भाव सांगून विचारलं ललितशेठना. ते म्हणाले, साठेखत झालंय, फेब्रुवारीनंतर बघू. आता तुम्ही घेताय म्हटल्यावर विषय संपला, काका."

काल तो सकाळपासून गल्ल्यावर होता, हे चहा आणणाऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून रंगनाथराव हिशेब जुळवत राहिले. दोन्ही पांढऱ्या गाड्या रविवारी सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होत्या. किल्ली झिपरूची. कुठूनही निघालं तरी वाट त्या झोपडीपाशीच येऊन थांबत होती, आणि ते काही केल्या मनाला पटत नव्हतं.

५

मंगळवारी ते नाशिकला ललित अमृतकरच्या दुकानात गेले. ललित चाळिशीचा, सुपारी कातरत बोलणारा. फाईल गेली हे ऐकून त्यानं अडकित्ता खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि झिपरूला चार शिव्या दिल्या. वडिलांनी या माणसाला पोटच्या पोरासारखं ठेवलं आणि त्यानं पांग असे फेडले, असं तो म्हणाला.

दुसरी किल्ली कोणाकडे, असं रंगनाथरावांनी विचारलं. ती वडिलांच्या आजारपणातच हरवली, असं उत्तर आलं. ललितवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी सिन्नरला त्याच्या पुतणीचा साखरपुडा होता, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तो तिथे होता. रंगनाथराव हे स्वतः सांगू शकत होते. ते आणि त्यांची बायको मोहिनीबाई त्याच पंगतीत जेवले होते आणि ललितनं आग्रहानं त्यांच्या पानात तिसरी जिलबी वाढली होती.

"तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

"दिवाळीनंतर पाऊल ठेवलेलं नाही. काय आहे हो तिथे? गिरणीपाशी गाडी सोडायची आणि फळ्यांवरून तोल सावरत जायचं. तुम्हाला या वयात कसली हौस आलीय कोण जाणे."

रंगनाथरावांना हे झोंबलं. ओटा, दरी, भाकरी हे सगळं त्यांच्या मनात होतं, पण सुपारी कातरणाऱ्या माणसाला ते काय सांगणार. ललितनं पुढचं सगळं ठरवूनच टाकलं होतं. शुक्रवारी तो येणार, चौकीतल्या हवालदारासमोर झिपरूविरुद्ध तक्रार देणार, झोपडी रिकामी करून घेणार. साठेखताची मुदत वाढवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, घरात भावांचं ऐकावं लागतं. पुन्हा कधी योग आला तर बघू, असं म्हणून त्यानं रंगनाथरावांच्या हातावर सुपारी ठेवली.

घरी आल्यावर रंगनाथरावांनी जेवायला नको म्हटलं. मोहिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही त्या माणसाची झोपडी तपासलीत?"

त्यांनी मान डोलावली.

"मग माफी तरी मागून या."

६

माफी मागायची सवय नसलेला माणूस एरवी अशा कामाला आठवडा लावतो. रंगनाथराव दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. स्टँडवर उतरले तेव्हा अकरा वाजले होते. बाजाराचं मैदान रिकामं होतं, दोन गाई बसल्या होत्या. चहाच्या टपरीवर पंखा बंद, रेडिओ बंद. लाईट कधी येणार, असं त्यांनी विचारलं. बुधवार हाय, संध्याकाळशिवाय नाय, असं टपरीवाला म्हणाला.

पुढे भागीबाई दिसली. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन ती गिरणीकडून परत येत होती आणि वाटेत स्वतःशीच बडबडत होती. जवळ आल्यावर बडबड ऐकू आली. "दर बाजाराच्या दिशी तेच. दळण नेलं का लाईट नाय."

रंगनाथराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागे वळून त्यांनी मैदान पाहिलं. दोन गाई होत्या, तिसरी आली होती.

"मावशी, आज बाजार कुठेय?"

"बाजार रईवारी भरतो न्हवं. तुमच्या हाटेलवाल्यानं नेला." म्हातारीनं त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि ती डबा सावरत पुढे गेली.

तिच्या घराची भिंत समोरच होती. पोलिओवाल्यांची गेरूची अक्षरं उन्हात लालभडक दिसत होती. रंगनाथराव ती तिसऱ्यांदा वाचत होते, पण खऱ्या अर्थानं पहिल्यांदा. बुधा लहानू महाले.

त्यांच्या वडिलांचं नाव सोमनाथ होतं. आईनं जन्मात सोमवार म्हटलं नाही. महादेवाचा वार म्हणायची. सोमवारचा उपास म्हणायची वेळ आली तरी तोंड फिरवायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे ते नाव ज्यात असेल तो शब्दही घ्यायचा नाही. भागीबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हा बुधवारी बाजार भरत होता. नवऱ्याचं नाव बुधा, म्हणून त्या वाराला तिनं बाजार म्हटलं. पुढे कुंदननं बाजार उचलून रविवारी नेला. म्हातारीचा शब्द कोण नेणार? तो होता तिथेच राहिला.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. रविवारी लाईट जात नाही, रविवारी ती दाराबाहेर पडत नाही, तरी दळण घेऊन गेली कशी? कारण रविवार नव्हताच. बुधवार होता, बारा तारीख. त्या दिवशी चर खणलेली होती, म्हणून चोराला गाडी गिरणीपाशीच सोडावी लागली आणि फळ्यांवरून चालत यावं लागलं.

फळ्यांवरून. हे शब्द त्यांनी काल एका दुकानात ऐकले होते.

पण ऐकलेलं पुरत नाही, हे तपासणीत त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. चर खणल्याचं मला कोणी फोनवर सांगितलं, असं म्हणून ललित सहज सुटला असता. डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा होता. त्यांनी झिपरूच्या दारात जाऊन, माफीचं नंतर पाहू असं मनाशी म्हणत, एकच विचारलं.

"झिपरू, गेल्या बुधवारी तू कुठे होतास?"

"चर खणायला, गिरणीपाशी. रोजावर."

"कोणी आलं होतं?"

झिपरूनं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग तो सांगू लागला, तेव्हा रंगनाथराव खाली मातीतच बसले.

७

शुक्रवारी ललित पांढऱ्या गाडीतून आला. ओट्यावर हवालदार वही काढून बसला. कुंदन आणि दत्तू तमाशा पाहायला आले होते. चिमणाबाईनं सामान बाहेर काढून ठेवलं होतं, कणगी, घोंगड्या, देवाची फळी. कोणी काढायला लावण्याआधी तिनं ते स्वतःच काढलं होतं.

रंगनाथरावांनी हवालदाराला पाच मिनिटं मागितली आणि भागीबाईला पुढे बसवलं.

"मावशी, आठवड्याचे वार म्हणून दाखवता का?"

दत्तू खुदकन हसला. भागीबाईलाही गंमत वाटली. तिनं बोटं मोजायला घेतली. "सोमवार. मंगळवार. बाजार. गुरवार. शुक्रवार. शनवार. रईवार."

"मधला पुन्हा म्हणा."

"बाजार."

"त्याला लोक काय म्हणतात?"

"तुम्ही म्हणा, तुम्हाला म्हणता येतंय," म्हातारी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून नवऱ्याकडे पाहून हसली. बुधाला काही ऐकू आलं नव्हतं, तरी तोही हसला.

मग रंगनाथरावांनी सगळं सावकाश मांडलं. बंद लाईट, चर, गिरणीपाशी उभी केलेली गाडी, हरवली म्हणून सांगितलेली दुसरी किल्ली. ज्या दिवसाचा तपास आपण केला तो दिवसच चुकीचा होता, हे त्यांनी आधी स्वतःच्या पदरात घेतलं. फाईल गेल्यानं आपलं घर जात होतं, झिपरूची झोपडी जात होती, दत्तूची दलाली जात होती. काहीही न गमावणारा एकच माणूस होता, ज्याला नकला सवडीनं काढता आल्या असत्या आणि ज्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला फेब्रुवारीनंतर ये म्हणून सांगून ठेवलं होतं. कुंदननं चटकन नजर दरीकडे वळवली. दिवाळीनंतर इथे पाऊल न ठेवलेल्या त्या माणसाला चार दिवसांच्या चरीवरच्या फळ्या माहीत होत्या.

"कोणीतरी सांगितलं असेल," ललित म्हणाला. "एवढ्यावर तुम्ही..."

"झिपरू, सांग."

झिपरू उभा होता तिथूनच बोलला. "बुधवारी शेठ आले. गाडी गिरणीपाशी लावली. मी चरीत व्हतो. शेठचा पाय घसरला म्हणून मीच फळी धरली. जातानाबी धरली. काखंत निळी फाईल व्हती."

हवालदारानं वहीतून मान वर केली. "मग आधी का नाही बोललास?"

"रईवारचं इचारलं. रईवारी कोणी आलं नव्हतं. बुधवारचं कोणी इचारलं नाय." त्यानं एकदा ललितकडे पाहिलं. "आन मालक आपल्या घरातून आपली वस्तू नेतो, तर चोरीत त्याचं नाव मी आपणहून कसं घेऊ?"

ललितचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. घर माझं, फाईल माझी, मी माझ्या घरात यायला कोणाची परवानगी हवी, असं तो तणतणला.

"अजिबात नको," रंगनाथराव म्हणाले. "पण मग हे हवालदार चोरी कोणाची लिहून घेतायत?"

 हवालदारानं वही मिटली आणि तो खोटी तक्रार कुठल्या कलमात बसते ते मोठ्यानं आठवायला लागला. त्याचं आठवून व्हायच्या आत ललित उठला, गाडीकडे गेला आणि डिकीतून निळी फाईल घेऊन आला. ती त्यानं ओट्यावर टाकली. कोणाकडे न बघता त्यानं एवढंच सांगितलं, की सोमवारी अकरा वाजता रजिस्ट्रीला या.

सोमवारी खरेदी झाली. महादेवाच्या वारी. दोन दिवसांनी रंगनाथराव घराचे मालक म्हणून पहिल्यांदा कुकडमाळला आले. झिपरूनं किल्ली आदल्या शुक्रवारीच ओट्यावर काढून ठेवली होती, ती तिथून आता त्यांच्या खिशात आली होती. त्यांनी ती काढून झिपरूपुढे धरली. झोपडी तुझीच, घरही तूच राखायचं, असं ते म्हणाले. माफीचे शब्द त्यांनी गाडीत तीन तास घोकले होते. तेही म्हटले, जरा अडखळत, पण पूर्ण म्हटले.

झिपरूनं ऐकून घेतलं. झोपडीत राहीन म्हणाला, वाफ्यांना पाणी घालीन म्हणाला. हात मात्र त्यानं पुढे केला नाही.

"किल्ली नको, साहेब. उद्या काय इकडचं तिकडं झालं तर पयले माझीच कणगी उपसाल."

"नाही रे. आता कशाला?"

"तव्हाबी कशाला?" झिपरू म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो खोकी उचलून वाफ्याकडे गेला. बावीस वर्षं किल्ली अडकवलेल्या करगोट्यावर आता नुसती गाठ होती.

रंगनाथराव ओट्यावर बसले. समोर दरी होती, हॉर्न कुठे वाजत नव्हता. चिमणाबाईनं न मागता नागलीची भाकरी आणि तिखट आणून ठेवलं आणि पाठ फिरवून ती परत गेली. कुंपणापलीकडून भागीबाई दळणाचा डबा घेऊन निघाली होती. लाईट नाही, उगाच हेलपाटा होईल, असं त्यांनी तिला ओरडून सांगितलं.

"आज काय हाय?" तिनं विचारलं.

"बाजार," रंगनाथराव म्हणाले. म्हातारी मागे फिरली. किल्ली अजून त्यांच्या हातातच होती आणि ती कुठे ठेवायची ते त्यांना कळत नव्हतं.